फुलवंताचं वट्ट्यावरचं माहेर

आमच्या गोरेगावात निराधार माणसांची फार टंचाई आहे. सेवा मंडळं चार, आणि निराधार म्हणवणारी माणसं जेमतेम तीन. त्यातल्या मुन्नालालला खरं तर घर आहे, दोन सुना आहेत. पण सुनांच्या हातच्या वरणापेक्षा मंडळाचा मसालेभात बरा म्हणून तो शनिवारी चेहरा पाडून रांगेत येऊन उभा राहायचा. सुलोचनाबाईला तिची लेक अचानक येऊन घेऊन गेली, तेव्हा करुणाकिरण सेवा मंडळाचे अध्यक्ष वीरेंद्रभाऊ कितीतरी दिवस उदास होते. उरला छोटेलाल. कुणाचा वाढदिवस असो, कुणाच्या वडिलांची पुण्यतिथी असो, नाहीतर कुणी नवी गाडी घेतलेली असो, गावातलं सगळं पुण्य या एकट्याच्या अंगावर येऊन पडायचं.

माझं मोटारसायकलच्या पार्टचं दुकान बसस्टँडसमोर, बाजाराच्या वट्ट्यांना, म्हणजे माल मांडायच्या ओट्यांना, लागून आहे. छोटेलाल त्यातल्याच एका टिनाच्या छपराखालच्या वट्ट्यावर राहायचा, त्यामुळे मला हा सगळा पुण्यसंचय गिऱ्हाईक सांभाळता सांभाळता फुकटात बघायला मिळे. माणूस साठीच्या आतबाहेरचा. गोंदियाच्या एका राईस मिलमध्ये पोती वाहायचा, कंबर गेली, कामही गेलं. एवढंच मला माहीत होतं, आणि मंडळाला तेवढंही माहीत नव्हतं. त्याला ते 'बाबा' म्हणत, हात जोडत, गळ्यात हार घालत. मंडळाचा देवेंद्र मोबाईल धरून "बाबा, इकडे बघा, थोडं हसा, नको नको, इतकं नको" असं म्हणे. दोन हिवाळ्यांत त्याच्याकडे सहा कांबळी जमली होती आणि ती ठेवायला जागा नव्हती, म्हणून तो उन्हाळ्यातही सगळी अंथरून त्यांच्यावर बसायचा.

याला आपलं म्हणणारं कुणी आहे का, हा साधा प्रश्न कुणी विचारला नाही. मंडळाच्या दृष्टीने कुणी नसणं हेच त्याचं भांडवल होतं. तो प्रश्न विचारला फुलवंताने, आणि तोही दयेपोटी नव्हे.

फुलवंता जंगलाकडच्या एका टोल्यावरची, म्हणजे पाड्यावरची, गोंड घरातली बाई. बाजाराच्या दिवशी पळसाच्या पत्रावळींचा गठ्ठा डोक्यावर घेऊन एसटीने यायची. दिवसांप्रमाणे बांबूचे कोंब म्हणजे वास्ते, चारोळी, मोहफुलंही आणायची. मंडळाच्या अन्नदानाला पत्रावळी तिच्याच लागत. वीरेंद्रभाऊ माईकवर "पर्यावरणपूरक" म्हणायचे ते तिच्या पत्रावळींना. बाई कामाची, तोंडाची फटकळ आणि चौकशीखोर. तिच्या लोकांत एक रीत आहे. कुणाच्या घराण्याचे देव चार, कुणाचे पाच, कुणाचे सहा, कुणाचे सात. ज्यांचे देव सारखे ते भाऊ, ज्यांचे वेगळे ते सोयरे. भावाशी सरळ बोलायचं, सोयऱ्याची थट्टा करायची. त्यामुळे समोरच्याचे देव किती हे कळेपर्यंत फुलवंताला त्याच्याशी बोलायचं कसं हेच समजत नसे, आणि न बोलता बसणं तर तिला जमतच नसे. मलाही तिने पहिल्याच दिवशी विचारलं होतं. आमचे तेहतीस कोटी, असं मी ऐटीत सांगितलं. "मंग तुमी साऱ्या दुनियेचेच सोयरे," असं म्हणून तिने माझ्या टकलावर जो पहिला शेरा मारला, तिथपासून ते आजतागायत चालूच आहे.

तर एका बाजाराच्या दिवशी, ऊन तापलेलं असताना, ती छोटेलालच्या छपराखाली सावलीला बसली. शेजारी हा सहा कांबळ्यांवर.

"कितीक देवाचा हाय रे तू?" तिने विचारलं.

छोटेलालने हे बरेचदा ऐकलं होतं. जंगलाकडून आलेला एखादा माणूस 'सात' म्हणाला की ही बाई त्याला जवळ बसवते, घरची आंबील पाजते, हे तो वट्ट्यावरून पाहत आला होता. फुलवंताचं माहेर सातदेव्यांचं, म्हणून. सहावाल्याला ती नुसती टिंगल आणि पाणी देई. त्या दिवशी मंडळाचा शनिवार नव्हता आणि त्याला भूक लागली होती.

"सात," तो म्हणाला.

फुलवंताने हातातली आंबिलीची चरवी खाली ठेवली. "मंग भाऊ होय तू माहा. आन बहीन जित्ती असताना इथं वट्ट्यावर कायले पडून राहिला बे? लोक माह्या नावानं थुंकतीन ना."

तिने आंबील पाजली, शिव्या दिल्या आणि दिवस कलताच त्याच्या डोक्यावर कांबळी देऊन त्याला एसटीत चढवलं. कुणाला यात करुणा दिसत असेल तर ती त्यांची चूक. बाई चिडलेली होती. सातदेव्या माणूस बाजारात फुकटचं खातो याची तिला लाज वाटत होती.

टोल्यावर तिचा नवरा लालसिंग सपरीत, घराच्या पडवीत, बसून दोर वळत होता. तिने सांगितलं, "हा माहा भाऊ." लालसिंगने दोर खाली टाकला. या माणसाचं एक जुनं दुःख होतं. लग्न झालं तेव्हा फुलवंताला एकच भाऊ होता, तोही थोड्याच वर्षांत तापाने गेला. लालसिंग स्वतः सहादेव्या, म्हणजे तिच्या माहेरचा सोयरा. साळ्याची टिंगल करणं हा त्याचा हक्कच. पण करायला साळाच नाही. इतर लोक आपापल्या साळ्यांना चारचौघांत हव्या तशा शिव्या हासडत, आणि हा बिचारा तोंड मिटून बसे. इतक्या वर्षांच्या साठलेल्या शिव्या त्याने त्या दिवसापासून काढायला सुरुवात केली.

"आला का रे साळ्या? आंग तं पाहा. हे काय कांबळी आनली? सहा? तुह्या बायकोनं घरातून काढलं का कांबळ्याच्या दुकानातून?"

छोटेलालने सवयीने हात जोडले. लालसिंग एकदम गंभीर झाला. "हात नको जोडू बे. शिवी दे. साळा हायस तू."

आठवडाभर छोटेलाल घाबरलेला होता. मग एक दिवस लालसिंगने त्याच्या चालण्याची नक्कल केली आणि हा सहज बोलून गेला, "भाटवा, आपकी मूंछ देखके भैंस बिदकती है." भाटवा म्हणजे बहिणीचा नवरा. लालसिंगला इतका आनंद झाला की त्याने शेजाऱ्यांना बोलावून ते वाक्य पुन्हा म्हणायला लावलं. त्यानंतर दोघं सकाळपासून सुरू होत. म्हशी चारताना, शेताच्या धुऱ्यावर बसून तंबाखू मळताना, धानाच्या रोवण्याच्या दिवसांत चिखलात पाय रोवून उभं असतानासुद्धा. कंबरेमुळे छोटेलाल वाकून पऱ्हे, म्हणजे धानाची रोपं, लावू शकत नसे, म्हणून तो पऱ्ह्यांच्या जुड्या लावणाऱ्यांकडे फेकायचा आणि एखादी मुद्दाम लालसिंगच्या पाठीवर मारायचा. दोन वर्षं ज्याच्या तोंडून मी 'हो' आणि 'नको' याखेरीज काही ऐकलं नव्हतं, तो माणूस आता बाजाराच्या दिवशी माझ्या दुकानात येऊन भाटव्याची निंदा करत तासभर बसे. मला गिऱ्हाईकं सोडून ते ऐकावं वाटे.

मग तिजा आला, आपल्याकडची हरतालिका. छत्तीसगढकडे तिजाच्या उपासाच्या आदल्या दिवशी भाऊ बहिणीला माहेरी घेऊन जातो. आमच्या या भागातही पुष्कळ घरांत ती रीत आली आहे. फुलवंताला न्यायला तिचा भाऊ गेल्यापासून कुणी आलं नव्हतं. त्या दिवशी ती घरात उगीच भांडी आपटत असे, असं लालसिंग सांगायचा. यंदा सकाळीच छोटेलाल धुतलेला सदरा घालून तिच्यासमोर उभा राहिला आणि म्हणाला, "दीदी, चलो मायके."

"कोनतं मायके बे?"

"चलो तो."

तो तिला एसटीने गोरेगावला घेऊन आला आणि आपल्या जुन्या वट्ट्यावर नेलं. वट्टा आदल्या दिवशी येऊन झाडून, धुऊन ठेवला होता. दोन कांबळी अंथरली. मागच्या चहावाल्याच्या चुलीवर भात आणि कारल्याची भाजी शिजवून घेतली होती, ती तिला वाढली. माहेरी बहिणीला लुगडं द्यावं लागतं; याच्याकडे लुगडं कुठलं. त्याने एक धुऊन घडी केलेलं कांबळं तिच्या मांडीवर ठेवलं, ज्यावर वीरेंद्रभाऊंच्या दुकानाचं नाव, फोन नंबर आणि 'सप्रेम' असं छापलेलं होतं. फुलवंता पाय पसरून, डोक्याखाली हात घेऊन दुपारभर वट्ट्यावर पडून राहिली आणि माहेरवाशिणीच्या तोऱ्यात माझ्याकडे चहा मागत राहिली. मी तीनदा चहा पाठवला. डोळे भरून येतील अशी भीती वाटल्यामुळे स्वतः नेऊन दिला नाही.

इकडे करुणाकिरण मंडळावर संकट आलं होतं. देणग्या गोळा करून मंडळाने गोंदिया रोडवर 'करुणाधाम' बांधलं. वीस खाटा, चार कॅमेरे, वीरेंद्रभाऊंच्या दिवंगत वडिलांचा पुतळा आणि संध्याकाळी सहाला बंद होणारं फाटक. सगळं तयार, फक्त राहणारा कुणी नाही. मुन्नालालला विचारलं तर तो म्हणाला, "दोपहर को आ जाऊंगा, पर सोने को घर जाऊंगा. सुना चिंता करती है." पाहुण्यांची तारीख ठरलेली, पत्रिका वाटलेल्या. वीरेंद्रभाऊंना छोटेलालची आठवण झाली आणि ते देवेंद्रला घेऊन जीपने टोल्यावर गेले.

तिथे त्यांनी पाहिलं ते असं. छोटेलाल म्हशींना पाणी पाजतो आहे आणि लालसिंग सपरीतून ओरडतो आहे, "ए आयतखाऊ, म्हैस खाते तं दूध देते, तू काय देते बे?" देवेंद्रने ते टिपून घेतलं. परत आल्यावर वीरेंद्रभाऊ माझ्या दुकानात बसून रुमालाने डोळे पुसत मला म्हणाले, "काय छळ आहे हो. निराधार माणसाला वेठीला धरलंय. इतक्या घाण शिव्या." मी त्यांना साळा-भाटव्याचं नातं समजावून सांगितलं. ते म्हणाले, "तुम्ही फार सरळ माणूस आहात." समाजसेवा करणाऱ्याला एकदा कुणी पीडित सापडला की पीडित स्वतः नाही म्हणाला तरी सुटत नाही.

देवेंद्रने ती फीत 'एका निराधाराची कहाणी' म्हणून मोबाईलवर सगळीकडे पाठवली. ती डोंगरगढच्या बाजूला कुठल्याशा गावात पोचली आणि तिथून खाली एकाने लिहिलं, "ये तो हमारे गाँव के छोटेलाल केवट हैं, प्रणाम चाचा." आणखी आठदहा गाववाल्यांनी हात जोडल्याची चित्रं टाकली. न्यायला कुणी आलं नाही. पण वीरेंद्रभाऊंना हवं ते मिळालं. माणूस केवट, नावाड्यांच्या जातीचा, म्हणजे गोंड नव्हे. गोंड नव्हे म्हणजे सात देव नाहीत. सात देव नाहीत म्हणजे बहीण नाही. पुन्हा एकदा निराधार.

उद्घाटनाच्या दिवशी जीप टोल्यावर गेली आणि "जेवायला चला, बाबा," म्हणून छोटेलालला घेऊन आली. फुलवंता आणि लालसिंग पत्रावळींचे गठ्ठे घेऊन आधीच आले होते. पाहुण्यांच्या स्वागताला नाच हवा म्हणून मंडळाने चोरखमारा गावाहून एक टोळी बोलावली होती, ती नेमकी फुलवंताच्या माहेरची. त्यांच्यासोबत त्यांचा म्हातारा भूमका, म्हणजे देवाचं करणारा पुजारी, रामलालही होता. स्टेजवर मोठा फलक: 'निराधार छोटेलाल बाबा यांच्या गृहप्रवेशानिमित्त भव्य अन्नदान'. मागे कढईत पाचशे माणसांचा मसालेभात. पाचशे निराधार कुठून येणार होते, ते मंडळालाच ठाऊक.

वीरेंद्रभाऊ माईकवर फार गोड बोलले. या भोळ्या आदिवासी भगिनीची फसवणूक झाली आहे, असं म्हणाले. हे बाबा तिचे कुणी नव्हेत, केवट आहेत, त्यांना या जगात कुणीही नाही, आणि आता करुणाधाम हेच त्यांचं घर. टाळ्या पडल्या. मग त्यांनी माईक छोटेलालच्या तोंडाशी धरला. "बाबा, सांगा सगळ्यांना. खरं काय ते."

छोटेलाल माईककडे बघत राहिला. मेलेलं माणूसही बरं दिसेल असा त्याचा चेहरा झाला होता. "झूठ बोला मैं," तो म्हणाला. "भूख लगी थी. मेरा कोई देव नहीं उनमें." आणि खाली बसला.

नाचणारी टोळी थांबली. रामलाल काठी टेकत पुढे आला. त्याने पाहुण्यांकडे पाहिलंसुद्धा नाही, फुलवंताकडे पाहिलं. "देवाच्या नावानं खोटा बोलला हा. तू सोडते का याले? तू सोडला तं आमाले काही कराचं नाही. हा जाईन त्या घरात." आणि त्याने वीस खाटांच्या इमारतीकडे मान हलवली.

फुलवंताचा चेहरा रागाने काळा पडला होता. तिला खरोखर फसवलं होतं. आणि तेही देवांच्या बाबतीत. मला वाटलं, आता ही त्याला सोडते.

"काका," ती म्हणाली, "माहा भाऊ मेला तवापासून तिजेले मले न्यायले माहेराहून कोन आला? तुमी सारे सातदेवे जित्ते होते ना?"

टोळीतले दोघंतिघं दुसरीकडे बघू लागले.

"हा आला. खोटा होता तरी आला. मले वट्ट्यावर नेला, जेवू घातला. तुमचे देव पुरे सात होते, तं एक जन काऊन नाही आला?" तिने पदर खोचला. "ठेवतो मी याले. दंड काय तो सांगा."

रामलालने काठी जमिनीत रोवली. मग म्हणाला, दंड म्हणजे पंगत. सातदेव्यांना पोटभर जेवू घालायचं, त्यांनी घास घेतला की माणूस त्यांच्यात आला. "पन याच्या नावचं अन्न पायजे. मांगून आनलेलं चालत नाही. काय हाय याच्याजवळ?"

"कंबल हैं," छोटेलाल खालूनच म्हणाला.

लालसिंगला अक्षरं वाचता येत नाहीत, पण कढई वाचता येते. तो देवेंद्रजवळ गेला. "का रे भाऊ, त्या फडक्यावर काय लिवलं हाय? जोरात वाच."

देवेंद्रने सवयीने घोषणेसारखं वाचलं, "निराधार छोटेलाल बाबा यांच्या गृहप्रवेशानिमित्त भव्य अन्नदान."

"कोनाच्या नावाचं?"

"छोटेलाल बाबांच्या."

"झालं मंग. बसा रे," लालसिंग म्हणाला. फुलवंताने गठ्ठे सोडले आणि भराभर पत्रावळी मांडल्या. चोरखमाऱ्याची माणसं ओळीने बसली. कॅमेरा चालू, पाहुणे उभे, समोर आदिवासी बांधव जेवायला बसलेले. वीरेंद्रभाऊंना भात वाढण्याखेरीज गत्यंतर नव्हतं. त्यांनी स्वतः वाढला, पाहुण्यांनीही एकेक पळी वाढली. रामलालने पहिला घास घेतला, चावला, मीठ कमी आहे असं म्हणाला आणि छोटेलालला आपल्या ओळीत बसण्याची खूण केली. छोटेलाल उठला आणि ओळीत जाऊन बसला. त्या दिवशीचा फोटो मंडळाच्या फलकावर अजून आहे. वीरेंद्रभाऊंना आजही उमगलेलं नाही की त्यांनी एका केवटाला गोंडांत घेण्याची पंगत वाढली. करुणाधामच्या खाटांवर सध्या मुन्नालाल दुपारी झोपतो, पंखे चांगले आहेत म्हणून.

जेवणं झाल्यावर तिघं माझ्या दुकानासमोर एसटीची वाट बघत उभे होते. फुलवंता दोघांकडे पाठ करून. पंगतीपासून ती छोटेलालशी एक शब्द बोलली नव्हती. त्याने हात धुवायला पाणी मागितलं तर तिने तांब्या त्याच्या पुढ्यात आदळला होता. तो लालसिंगला बाजूला घेऊन हळूच म्हणाला, "भाटवा, दीदी हमको निकाल देगी का?"

लालसिंगने त्याच्याकडे कीव आल्यासारखं पाहिलं. "साळ्या, तुले अक्कल कवा येईन? निकालाचा असता तं गोड बोलली असती. त्या स्टेजवाल्यासारखी."

एसटी आली. गर्दी दाराशी ढकलाढकल करत असताना फुलवंताने खिडकीतून हात घालून आपली थैली, डोक्यावरच्या चुंबळीचं फडकं आणि लालसिंगची चप्पल आत टाकली आणि तीन जागा धरल्या.